माझ्या आवाजाची आत्या झालीये, आता काय करू?

पत्र असं आलंय, थोडं कापून देतोय:

"दादा, घरी लॅपटॉपवर एक गाणं बसवलं. गिटार, बेस, कीज, प्रोग्राम केलेले ड्रम्स, सगळं मीच. आवाज तेवढा चांगल्या माईकवर आणि चांगल्या खोलीत गावा म्हणून स्टुडिओ बुक केला, चार तास. प्रोजेक्टची फाईल पेन ड्राईव्हवर टाकून घेऊन गेले. ते रेकॉर्डिंग प्रो टूल्स नावाच्या सॉफ्टवेअरवर करतात पण माझं सॉफ्टवेअरसुद्धा त्यांच्याकडे होतं, म्हणून मी निर्धास्त. उघडलं तर निम्मे ट्रॅक रिकामे, फाईल सापडत नाही, प्लगइन सापडत नाही, हेच. शेवटी माझ्या फोनमध्ये मिक्सचा एमपीथ्री होता तो लावून त्यावर गायले. क्लिक, म्हणजे ताल धरायची टिकटिक, त्यांनी मिनिटाला ९२ बीटचा दिला, तो शेवटच्या कडव्यात गाण्याशी जुळेना. निम्मा वेळ यातच गेला, इंजिनियर काही बोलला नाही पण चेहरा दिसत होता. घरी येऊन त्यांनी दिलेल्या फायली टाकल्या तर आवाज पहिल्या ओळीपासूनच मागे पडत जातो, चार मिनिटांच्या गाण्यात शेवटी वीसेक सेकंद मागे. आणि सूर उतरलाय, झोपेतून उठवलेल्या आत्यासारखा आवाज येतोय माझा. परत गायला लागेल का? आणि प्रो टूल्स विकत घेऊ का, म्हणजे पुढच्या वेळी हा घोळ होणार नाही? – वैतागलेली"

अगं वैतागलेली,

आधी श्वास घे. परत गायला लागणार नाही. फायली शंभर टक्के ठीक आहेत, फक्त तुझं सॉफ्टवेअर त्या चुकीच्या वेगाने वाजवतंय. आणि हे मी अंदाजाने नाही सांगत, तुझ्या पत्रातच त्याचा पुरावा आहे, तो "वीसेक सेकंद".

हिशोब बघ. स्टुडिओने रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झला केलं असणार, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मापं, त्यांनाच सॅम्पल म्हणतात. चार मिनिटांचे झाले १ कोटी १५ लाख २० हजार. तुझा घरचा प्रोजेक्ट ४४.१ वर असणार, बरीच सॉफ्टवेअर कोरी फाईल उघडताना तेच धरून चालतात. आता तीच सगळी सॅम्पल्स सेकंदाला ४४,१०० या चालीने वाजवली तर किती वेळ लागेल? २६१ सेकंद. चार मिनिटं एकवीस सेकंद. झालं की नाही तुझं वीसेक सेकंद? आणि टेप हळू फिरवल्यावर जसं होतं तसा वेगाबरोबर सूरही उतरतो, इथे जवळपास दीड सेमीटोन, म्हणजे हार्मोनियमच्या हिशोबात दीड पट्टी खाली. त्यात आवाजाचा पोत पण जाडसर होतो, म्हणून आत्या.

फाईल टाकताना सॉफ्टवेअरने बहुतेक एक खिडकी दाखवली असेल, सॅम्पल रेट वेगळा आहे, बदलून घेऊ का, आणि तू घाईत "नको" दाबलं असशील किंवा कधीतरी ती खिडकी "पुन्हा विचारू नका" करून बंद केली असशील. आपण सगळेच करतो. तर आज रात्री एवढंच कर, आत्ता टाकलेल्या फायली प्रोजेक्टमधून काढ, स्टुडिओने दिलेलं मूळ फोल्डर परत उघड, परत आण, आणि यावेळी रूपांतर करायला "हो" म्हण. आत्या गेली. चुकूनही टाईम स्ट्रेचने ओढून ताणून जुळवायला जाऊ नकोस, पिच वर ढकलायला तर मुळीच नको, नाहीतर चांगल्या माईकवर गायलेल्या गाण्याचं मातेरं होईल.

एवढं केलंस की नव्वद टक्के काम झालं, पण एक बारीक गोष्ट उरेल आणि ती तुला छळेल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. आवाज गाण्याबरोबर चालेल, सूर बरोबर असेल, तरी काहीतरी आळसावल्यासारखं वाटेल, किंचित मागे किंवा पुढे. कारण तू एमपीथ्रीवर गायलीयेस. एमपीथ्री बनवताना एन्कोडर सुरुवातीला स्वतःची थोडी शांतता घुसवतो, बहुतेक वेळा हजाराच्या आसपास सॅम्पल्स, म्हणजे वीस-पंचवीस मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर ती उघडताना काढून टाकतात, काही तशीच ठेवतात. वर इंजिनियरने तो एमपीथ्री टाइमलाइनवर नक्की कुठे ठेवला ते तुला माहीत नाही. घाईत ठेवलाय, कुठेही असेल.

यावर उपाय एकच आणि सोपा आहे. स्टुडिओला फोन कर आणि सांग की ज्या सेशनमध्ये मी गायले त्यातला गाईड ट्रॅक, म्हणजे तो एमपीथ्री जसा त्यांच्या टाइमलाइनवर ठेवला होता तसाच, सेशनच्या शून्यापासून, म्हणजे टाइमलाइनच्या अगदी सुरुवातीपासून, वेव्ह (न दाबलेली ऑडिओ फाईल) करून पाठवा, आणि व्होकल्सच्या सगळ्या फायलीही त्याच शून्यापासून. मग घरी सगळं एकत्र टाक, गाईडला तुझ्या मूळ मिक्सखाली ठेव, झूम करून पहिल्या किकचं, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्याचं, टोक बघ आणि गाईड नि व्होकल्स सगळे एकदम निवडून जेवढं लागेल तेवढं सरकव. एकदम निवडून, एकेक करून नाही. जुळलं की नाही ते तपासायला गाईडची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी कर, ते बटण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं, मग दोन्हीचा व्हॉल्यूम सारखा करून ऐक. बरोबर जुळलं असेल तर गाणं एकमेकांना खाऊन जवळजवळ गायब होतं, मागे फक्त एमपीथ्रीची थोडी चरचर उरते. मला हे ऐकायला अजूनही मजा येते, काय माहीत का.

हे सगळं इतकं सांगतोय कारण "ट्रॅक जुळत नाही" हे एक दुखणं नाही, तीन वेगळी दुखणी आहेत आणि तुला तिन्ही झाली एकाच दिवशी. उशीर कसा वाढतोय ते बघायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच उशीर असेल तर सुरुवातीचा बिंदू चुकलाय किंवा लेटन्सीचा, म्हणजे मशीनमधून आवाज जायला लागणाऱ्या वेळेचा, घोळ आहे, एकदा सरकवलं की संपलं. हळूहळू वाढत जात असेल तर रेटचा प्रश्न, सरकवून काही होत नाही. आणि ठराविक जागेपर्यंत सगळं छान आणि मग अचानक बिघडत असेल तर टेम्पो. या हळूहळू वाढणाऱ्यातही दोन भाऊ आहेत, सेकंदांनी वाढत असेल तर ४४.१ आणि ४८ ची मारामारी, आणि चार मिनिटांत जेमतेम दहा-बारा मिलिसेकंदांनी वाढत असेल तर दोन वेगळ्या मशीन्सची घड्याळं किंचित वेगळी चालतायत, हे तू कुठल्या हँडी रेकॉर्डरवर वेगळं रेकॉर्ड करून आणलंस तर दिसेल. हे ओळखता आलं की निम्मं भांडण मिटतं, नाहीतर माणसं रात्र रात्र ट्रॅक सरकवत बसतात आणि सकाळी रडतात.

तुझा क्लिक शेवटच्या कडव्यात का चालेना, तर तिथे तू टेम्पो वाढवला आहेस, हो ना? तू लिहिलेलं नाहीस पण मी पैज लावतो. समज ९२ चा ९६ केलास. ९२ ला एक बीट ६५२ मिलिसेकंदांचा, ९६ ला ६२५ चा, म्हणजे दर बीटला २७ मिलिसेकंदांची फारकत, चार बीटचा एक बार संपेपर्यंत शंभराच्या वर गेलं. माणूस त्यावर गाऊच शकत नाही. इंजिनियरला कुणी सांगितलंच नव्हतं तर तो बिचारा काय करणार, त्याने तू सांगितलास तो ९२ टाकला. टेम्पो गाण्यात कुठेही बदलत असेल तर प्रोजेक्टमधून एक मिडी फाईल, म्हणजे आवाज नसलेली, नुसती सुरांची नि तालाची नोंद, एक्स्पोर्ट करायची, तिच्यात टेम्पोचा नकाशा जातो, प्रो टूल्समध्ये मिडी फाईल आणताना टेम्पो पण घ्यायचा पर्याय असतो. आणि त्याहून गावठी पण कधीच दगा न देणारा उपाय म्हणजे तुझ्या प्रोजेक्टचा क्लिकच एक ऑडिओ ट्रॅक म्हणून रेकॉर्ड करून न्यायचा. मी दोन्ही नेतो. मिडी नाही चालली तरी क्लिकची वेव्ह फाईल कुठेही वाजते.

आता मूळ मुद्द्यावर येतो, निम्मे ट्रॅक रिकामे का आले.

प्रोजेक्टच्या फाईलमध्ये गाणं नसतं गं. तिच्यात पत्ते असतात. हा किकचा आवाज अमुक फोल्डरमधून उचल, ही गिटार तमुक ठिकाणी आहे, इथे हे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं वाद्य किंवा इफेक्ट, लाव, त्याचा हा खटका एवढा फिरव. तू ती पत्त्यांची वही पेन ड्राईव्हवर टाकून नेलीस आणि घरं मागे राहिली. त्यात तुझे ड्रम सॅम्पल्स, म्हणजे ड्रमच्या तयार आवाजांचे तुकडे, डाउनलोड्समध्ये असतील, कीजचा आवाज तू विकत घेतलेल्या प्लगइनमधून येत असेल जे स्टुडिओत नाही, गिटारच्या ॲम्पची नक्कल करणारा ॲम्प सिम्युलेटर तर नाहीच नाही. सॉफ्टवेअर तेच असून काही उपयोग नाही, आवृत्ती नवी-जुनी निघाली तरी वांधे होतात. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सगळं एकत्र गोळा करून सेव्ह करायची सोय असते, एबलटनमध्ये "कलेक्ट ऑल अँड सेव्ह", प्रो टूल्समध्ये "सेव्ह कॉपी इन", आणि ते जरूर कर, पण तुझ्या स्वतःच्या बॅकअपसाठी. दुसऱ्याच्या स्टुडिओत मी तरी कधीच प्रोजेक्टच्या भरवशावर जात नाही.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, दोन खोल्यांमध्ये प्रोजेक्ट प्रवास करत नाही, नुसता आवाज प्रवास करतो. साधी वेव्ह फाईल, प्रत्येक ट्रॅकची एक, आणि सगळ्या एकाच शून्यापासून सुरू होणाऱ्या. गिटारचा सोलो तिसऱ्या मिनिटाला येतो ना, तरी त्याची फाईल गाण्याच्या शून्यापासूनच सुरू झाली पाहिजे, पुढे तीन मिनिटं नुसती शांतता असली तरी. "जागा उगाच वाया जाते" असं वाटेल, पण चार मिनिटांची २४ बिट (बिट म्हणजे प्रत्येक मापाची बारकाई), ४८ किलोहर्ट्झची मोनो फाईल साधारण ३५ एमबी असते, असे वीस ट्रॅक म्हणजे ७०० एमबी, आजकाल याचं काय कौतुक. बदल्यात मिळतं काय, तर समोरचा माणूस सगळ्या फायली उचलतो, टाइमलाइनच्या सुरुवातीला टाकतो आणि प्ले दाबतो. कुठलंही सॉफ्टवेअर असो. दहा वर्षांनी पण उघडेल. शून्य नेमकं कुठे धरायचं, तर गाण्याच्या पहिल्या बीटवर नको, दोन रिकामे बार आधी धर, नाहीतर पहिल्या सुराआधीचा श्वास किंवा गिटारची पहिली खरड कापली जाते. आणि शेवटी रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, पूर्ण विरेपर्यंत शेपूट सोड.

हे करायची सोय सगळीकडे आहे, फक्त नाव वेगळं. लॉजिकमध्ये सगळे ट्रॅक ऑडिओ फायली म्हणून एक्स्पोर्ट करता येतात, एबलटनमध्ये एक्स्पोर्ट करताना सगळे सुटे ट्रॅक निवडता येतात, रीपरमध्ये रेंडरच्या खिडकीत निवडलेल्या ट्रॅकचे स्टेम्स, एफएल स्टुडिओत मिक्सर ट्रॅक सुटे करायचा टिक, क्यूबेसमध्ये ऑडिओ मिक्सडाउनमध्येच एकदम अनेक चॅनल. स्टेम्स या शब्दावरून मात्र सांभाळ. काही लोक सुट्या ट्रॅकला स्टेम्स म्हणतात, आणि काही लोकांच्या लेखी स्टेम म्हणजे सगळे ड्रम्स मिळून एक, सगळे कोरस मिळून एक. फोनवर इंजिनियर "स्टेम्स आण" म्हणाला तर लाजू नकोस, विचार, सुटे की गटाने.

रेट आधीच विचारून घ्यायचा, ते ४८ वर काम करतात की ४४.१ वर की अजून कशावर. सीडीचा जमाना ४४.१ चा होता आणि व्हिडिओवाल्यांचं सगळं ४८ वर चालतं, म्हणून ही दोन बिऱ्हाडं आजपर्यंत शेजारी शेजारी नांदतायत आणि तुझ्यासारख्यांना त्रास देतायत. नवीन गाणं सुरू करताना मी सरळ ४८ आणि २४ बिट धरतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. अर्धं झालेलं गाणं असेल तर मधेच प्रोजेक्टचा रेट बदलू नकोस, आहे त्या रेटला फायली काढून दे आणि फायलींच्या फोल्डरच्या नावातच लिही, म्हणजे तो बदलून घेईल. ३२ बिट फ्लोट दिलंस तरी चालतं, त्यात लेव्हल शून्य डेसिबलच्या वर गेली तरी नंतर खाली आणता येते, फाईल तेवढी मोठी होते. १६ बिट नको. एमपीथ्री तर नकोच, एक सोडून, तुझ्या रफ मिक्सचा. तो जरूर ने, पण ऐकवायला, गायला नाही. गायला त्याच मिक्सची वेव्ह.

एक्स्पोर्टच्या खिडकीत "नॉर्मलाइज" नावाचा टिक असतो, तो काढ. तो प्रत्येक ट्रॅकला वर ढकलून एकसारखा मोठा करतो, मग मागे हळूच वाजणारी शेकर आणि किक एकाच उंचीवर येऊन उभ्या राहतात आणि तू महिनाभर केलेला बॅलन्स गेला. आणि मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या शेवटच्या चॅनलवर, गाणं मोठं ऐकू यावं म्हणून लावलेला लिमिटर बंद कर. काही सॉफ्टवेअर सुटा ट्रॅक काढताना पण तो मास्टरमधून घालतात. सुट्या ट्रॅकचे पीक, म्हणजे सगळ्यात मोठे क्षण, वजा सहा डेसिबलच्या आसपास असले तरी खूप झालं, २४ बिटमध्ये आवाज हळू राहिला म्हणून कुणी मरत नाही. आणि मोनो गोष्ट मोनोच काढ, बेस आणि एका माईकची गिटार स्टिरिओ करून पाठवलीस तर जागा दुप्पट आणि इंजिनियरला एकेक करून मोनो करत बसायचं काम.

इफेक्टसकट द्यायचं की कोरं, यावर लोक भांडतात. माझं मत असं की जो इफेक्ट म्हणजेच तो आवाज आहे तो ठेवायचा, जो नुसती सजावट आहे तो काढायचा. तुझ्या गिटारवर ठराविक डिले (प्रतिध्वनी) असेल आणि त्याच्याशिवाय ती चालच उभी राहत नसेल, तर तो डिले गाण्याचा भाग झाला, त्याच्यासकट काढ. पण हॉलसारखं वाटावं म्हणून टाकलेला रिव्हर्ब, तो काढ, स्टुडिओत त्याहून बरा असेल. जिथे मन दुहेरी असेल तिथे दोन्ही फायली दे, नावात "कोरी" आणि "ओली" लिहून, खरंच, ड्राय आणि वेटला आम्ही एकदा गंमत म्हणून असं म्हणायला लागलो ते राहिलंच. गिटार इंटरफेसमध्ये थेट घुसवून ॲम्प सिम्युलेटरवर वाजवली असशील तर ती थेट आलेली डीआय फाईल जपून ठेव आणि ने, पुढे कधी तीच खऱ्या ॲम्पमधून फिरवून परत रेकॉर्ड करता येते. कीज आणि ड्रम्सची मिडी पण सोबत दे, आवाज बदलावासा वाटला तर उपयोगी. पण मिडीच्या भरवशावर ऑडिओ काढायचं टाळू नकोस, मिडीत आवाज नसतो, कुठला सूर कधी आणि किती जोरात दाबला एवढंच असतं. तुझा पियानो त्यांच्या मशीनवर खेळण्यातला वाजेल.

नावांबद्दल. "ऑडिओ ०३_१७", "नवीन ट्रॅक", "गिटार फायनल", "गिटार फायनल खरंच फायनल", हे नको. आधी आकडा, मग वाद्य, मग हवं तर काय वाजवतंय ते. किक, स्नेअर, बेस, ऱ्हिदम गिटार डावी, ऱ्हिदम गिटार उजवी, असं. शून्य एक, शून्य दोन असे दोन अंकी आकडे टाक, नाहीतर दहा नंबर एकच्या मागोमाग येऊन बसतो. आणि मला मराठीचा कितीही अभिमान असला तरी फायलींची नावं रोमन लिपीतच ठेव. देवनागरीत नावं देऊन झिप केली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडताना कधी कधी नुसता अक्षरांचा चिवडा होतो, माझं झालंय, वीस फायली आणि वीसही नावं अगम्य, एकेक ऐकून ओळखत बसलो. तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबं पण नावात टाळ.

सोबत एक साधी टेक्स्ट फाईल ठेव. गाण्याचं नाव, पट्टी, टेम्पो आणि कुठल्या बारला बदलतो, सॅम्पल रेट, बिट, शून्य कुठे आहे, एकूण किती फायली. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते करणारी माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटलीत. इंजिनियर लोक अशा माणसाला पुढच्या वेळी चहा आधी विचारतात.

नेण्याबद्दल माझाच एक किस्सा. मी एकदा सगळं अगदी नीट, नावं नीट, रेट नीट, फोल्डर नीट, असं घेऊन गेलो आणि ड्राईव्ह माझ्या विंडोजवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला. स्टुडिओचा मॅक. मॅक तो वाचतो पण त्यावर आपणहून लिहू शकत नाही. जाताना सगळं सुरळीत, आणि रात्री निघताना रेकॉर्डिंग माझ्या ड्राईव्हवर टाकायला गेले तर जाईना. एवढा मोठा दिवस, एवढी तयारी, आणि मी दारात ड्राईव्ह हातात घेऊन उभा. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर, दोन्हीकडे वाचतो आणि लिहितो. जुन्या फॅट ३२ मध्ये एक फाईल चार जीबीच्या वर मावत नाही, सुट्या ट्रॅकला ते लागणार नाही पण सगळ्याची एकच मोठी झिप केलीस तर तिथे अडकशील. आणि एकाच ड्राईव्हवर जाऊ नकोस. एक ड्राईव्ह खिशात, एक प्रत क्लाउडवर ठेवून लिंक आदल्या दिवशी इंजिनियरला पाठवलेली. झिप करून पाठवायचा फायदा म्हणजे वाटेत फाईल बिघडली तर उघडताना झिपच ओरडते, सुटी वेव्ह अर्धवट आली तर गपचूप अर्धवट वाजते.

येताना काय घ्यायचं हे तुझ्या पत्रात नाहीच आणि खरी गंमत तिथेच आहे. तुला त्यांनी काय दिलं, तर बहुतेक सुटे तुकडे. रेकॉर्डिंगमध्ये आपण थांबतो, परत गातो, मधूनच पकडतो, त्या प्रत्येकाची वेगळी फाईल बनते आणि टाइमलाइनवर ती कुठे होती हे सेशनला माहीत असतं, तुला नाही. वेव्हचा एक प्रकार आहे, ब्रॉडकास्ट वेव्ह, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये ठरवलेला, त्यात फाईलच्या पोटातच सुरुवातीची वेळ लिहिलेली असते आणि प्रो टूल्सच्या फायलीत ती बहुतेक असतेच, पण तुझं सॉफ्टवेअर ती वाचेल आणि वाचून बरोबर जागी ठेवेल याची खात्री कशाला धरायची. निघायच्या आधी सांग, प्रत्येक व्होकल ट्रॅक शून्यापासून कन्सॉलिडेट करून, म्हणजे तुकडे जोडून एक सलग फाईल करून, द्या. मुख्य आवाज एडिट केलेला एक, पिच सुधारलेला असेल तर तो एक आणि न सुधारलेला एक, डबल्स (तीच ओळ परत गायलेली), हार्मनी, आणि जे टेक, म्हणजे गायलेल्या खेपा, वापरले नाहीत ते पण. आज नको वाटलेला टेक सहा महिन्यांनी एका शब्दासाठी हवा असतो. शिवाय पूर्ण सेशनचं फोल्डर जसंच्या तसं, उघडता आलं नाही तरी ठेव. स्टुडिओवाल्यांनी कायम सांभाळून ठेवावं अशी अपेक्षा धरू नकोस, त्यांच्याकडे रोज नवीन माणूस येतो आणि डिस्क भरली की जुनं जातं. तुझं गाणं, तुझी जबाबदारी, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर कुठेतरी.

घरी आणल्यावर अजून एक सापळा. काही सॉफ्टवेअर अतिहुशार असतात, लांब ऑडिओ टाकला की आपणहून टेम्पो ओळखून तो ताणतात. एबलटनमध्ये ऑटो वॉर्प असतो, लॉजिकमध्ये पण टेम्पोप्रमाणे जुळवणारी सोय आहे. व्होकल्ससाठी ते आधी बंद कर. ते चालू असेल तर रेट बरोबर असून पण आवाज इकडे तिकडे होतो आणि आपण इंजिनियरला शिव्या घालतो.

प्रो टूल्स घेऊ का, तर नको. आवडलं म्हणून घे, यासाठी नको. तेच सॉफ्टवेअर, तीच आवृत्ती आणि तीच सगळी प्लगइन असली तरच प्रोजेक्ट सरळ उघडतो, आणि दुसऱ्या स्टुडिओत गेलीस की तिथे अजून तिसरं काहीतरी असणार. सॉफ्टवेअर बदलून प्रोजेक्ट नेता यावा म्हणून ओएमएफ, एएएफ असे प्रकार आहेत, चित्रपट-टीव्हीच्या एडिटिंगवाल्यांचं त्यावरच चालतं, कट्स आणि फेड्स जातात पण तुझी इन्स्ट्रुमेंट प्लगइन काही त्यातून जात नाहीत. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस यांनी मिळून डॉ-प्रोजेक्ट नावाचा खुला फॉरमॅट आणलाय, कल्पना फार चांगली आहे, पण सगळे सॉफ्टवेअरवाले तो बोलायला लागेपर्यंत वेव्ह बरी.

आणि हे घर-स्टुडिओ येणं-जाणं काही आजचं नाही. १९७९ मध्ये कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं पोर्टास्टुडिओ आलं तेव्हापासून लोक घरी अर्धं गाणं करतायत. मग नव्वदच्या दशकात ॲलेसिसचं अ‍ॅडॅट आलं, एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक, घरी पण तेच मशीन आणि स्टुडिओत पण तेच, कॅसेट पिशवीत टाकायची आणि जायचं. त्या कॅसेटवर ना प्लगइन हरवायचं ना फाईल. होता तो फक्त आवाज आणि एक सामायिक शून्य. मी तुला वर जे सांगितलं ते म्हणजे तीच कॅसेट, फोल्डरच्या रूपात.

पुढच्या वेळी निघण्याच्या आदल्या दिवशी ही एक परीक्षा कर, मी अजूनही करतो. सॉफ्टवेअरमध्ये कोरा प्रोजेक्ट उघड, स्टुडिओचा रेट लाव, एकही प्लगइन लावू नकोस, आणि ज्या फायली नेणार आहेस त्याच, ड्राईव्हवरूनच, आत टाक. सगळे फेडर शून्य डेसिबलवर, म्हणजे आवाज वर-खाली न करता. प्ले दाब आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक, मधे उठून जायचं नाही. काही राहिलं असेल, काही उशिरा येत असेल, कुठे शेपूट कापलं असेल तर तिथेच कळतं, तुझ्या घरी, तुझ्या वेळेत, मीटर चालू नसताना.

आज मात्र तेवढंच कर, फायली परत टाक, रूपांतराला "हो" म्हण, आणि गाईड मागायला स्टुडिओला फोन लाव. त्या इंजिनियरच्या चेहऱ्याचं फार मनावर घेऊ नकोस. त्याने पण रेट तुला सांगितला नाही आणि निघताना गाईड दिला नाही, फोनवर तो जरा नरमच बोलेल बघ.

– दादा